वस्तू सापडत नाही की वर येत नाही? साइट-सर्चमधली जुळणी आणि क्रमवारी

ऑनलाइन दुकानातल्या शोधाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘सर्च नीट चालत नाही.’ त्यामागे दोन वेगळे दोष असू शकतात. जुळणी ठरवते की ग्राहकाच्या शब्दांना कोणत्या वस्तू उत्तर म्हणून पात्र आहेत. क्रमवारी ठरवते की त्या पात्र वस्तूंपैकी आधी कोणती दिसेल.

दुकानात दोनशे वस्तू असतात तेव्हा क्रमवारीचा दोष जाणवतही नाही. सात-आठ निकाल येतात, ग्राहक नजर फिरवून हवी ती वस्तू निवडतो. वस्तू हजारोंच्या घरात गेल्या की त्याच शब्दाला चारशे निकाल येतात, आणि चारशे निकाल कोणी चाळत बसत नाही. म्हणून वाढत्या दुकानात कालपर्यंत चाललेला शोध एकाएकी बिघडल्यासारखा वाटतो.

दोष कुठला हे ओळखायची कसोटी सोपी आहे. ग्राहकाचा शब्द टाका आणि हवी ती वस्तू निकालांत कुठेही, अगदी शेवटच्या पानावर तरी, आहे का ते पाहा. असेल तर दोष क्रमवारीचा. मुळीच नसेल तर जुळणीचा.

ही कसोटी न लावता केलेला अंदाज हमखास फसतो. समजा, ‘फोन’ शोधल्यावर नुसती कव्हरे येतात. पाहणाऱ्याला वाटते की फोनना वरचे वजन द्यावे, म्हणजे क्रमवारीत वर ढकलावे. पण पुष्कळदा फोनच्या शीर्षकात फक्त कंपनी आणि मॉडेलचे नाव असते, ‘फोन’ हा शब्दच नसतो. कव्हरच्या शीर्षकात मात्र तो असतो. मग वजन कितीही वाढवा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथे विभागाचे नावही शोधाच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे ज्या मजकुरात शब्द शोधला जातो त्यात, घ्यायला हवे.

उलट चूकही तितकीच नेहमीची. वस्तू निकालांत आहे पण खाली आहे, आणि उपाय म्हणून समानार्थी शब्दांची यादी वाढवली जाते. त्याने निकाल आणखी फुगतात आणि हवी ती वस्तू आणखी खाली जाते.

क्रमवारीसाठी बहुतेक शोधयंत्रे शब्दांवर आधारलेले गुण देतात. कमी ठिकाणी आढळणाऱ्या शब्दाला जास्त मोल, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.० आवृत्तीपासून मूळ सेटिंग असलेले बीएम२५ हे सूत्र तीच वापरते. शिवाय शब्द किती वेळा आला आणि मजकूर किती लांब आहे हेही पाहते. वस्तू संपली आहे की शिल्लक आहे, तिला खप आहे की नाही, यातले काहीच त्याला कळत नाही. ते तुम्हालाच जोडावे लागते, आणि माझ्या मते सुरुवात साठ्यापासून करावी. संपलेली वस्तू पहिल्या जागी दिसणे ही ग्राहकाची सरळ निराशा आहे.

ग्राहकांच्या शोधांच्या नोंदीही दोन्हींसाठी वेगळ्या वाचाव्यात. शून्य निकालांचे शोध जुळणीकडे बोट दाखवतात. निकाल भरपूर पण क्लिक नाही, किंवा क्लिक फार खाली, अशा शोधांत आधी क्रमवारी तपासावी.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिथे जुळणीचा दोष क्रमवारी झाकते. टायपिंगच्या चुका माफ करण्याची सोय जुळणी सैल करते. इलॅस्टिकसर्चच्या स्वयंचलित सेटिंगमध्ये तीन ते पाच अक्षरचिन्हांच्या शब्दाला एका चिन्हाचा बदल चालतो, त्याहून लांब शब्दाला दोन. मात्रा स्वतंत्र चिन्ह धरली जाते, म्हणून ‘बॅग’ हा तीन चिन्हांचा शब्द, आणि ‘बॅट’ त्याच्यापासून एकाच बदलावर! एरवी तंतोतंत जुळणाऱ्या बॅगांचे गुण जास्त असल्याने बॅटी तळाशी राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाहीत. मग ग्राहक ‘किंमत: कमी ते जास्त’ निवडतो. त्या क्षणी गुण बाजूला पडतात आणि स्वस्तातली बॅट पहिली येते. म्हणून किंमतीनुसार लावताना जुळणी कडक ठेवावी: आधी तंतोतंत जुळणाऱ्या वस्तूच घ्याव्यात आणि तशी एकही नसेल तरच चुकांना माफी द्यावी.