नववीचे मार्क धरतात का? शाळेचा जीपीए आणि यूसीचा जीपीए, दोन्हीचा घोळ

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा प्रश्न पडतोच पडतो. कुणाचा तरी मुलगा नुकताच नववीत गेलेला असतो, पहिला प्रोग्रेस रिपोर्ट येतो, त्यात बायॉलॉजीत सी दिसतो, आणि मग रात्री अकरा वाजता मेसेज, "नववीचं धरतात का गं कॉलेजला?" पाच मिनिटांत दोन उत्तरं. एकीचं, "छे, नववी नाही धरत, माझ्या मोठ्याच्या वेळी काउन्सेलरनेच सांगितलेलं." दुसरीचं, "धरतात म्हणजे काय, ट्रान्स्क्रिप्टवर पहिलं तेच असतं." (ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे शाळेने दिलेली सगळ्या ग्रेडची यादी.) मग वादावादी. आणि मजा म्हणजे दोघी बरोबर असतात, फक्त दोघी वेगवेगळ्या जीपीएबद्दल, म्हणजे ग्रेडच्या सरासरीबद्दल, बोलत असतात आणि ते दोघींना माहीत नसतं.

तर पहिला जीपीए शाळेचा. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शाळा पहिल्या सेमिस्टरपासून सगळे ग्रेड गोळा करते आणि सरासरी काढते, ए ला ४, बी ला ३, सी ला २ असं. एक साधा आणि एक वेटेड, म्हणजे एपी (कॉलेजच्या पातळीचे) वगैरे अवघड कोर्सना एक पॉइंट जास्त देऊन. कुठल्या कोर्सला जास्त द्यायचा ते प्रत्येक शाळा आपापलं ठरवते, त्यामुळे दोन शाळांतले ४.२ हे एकच नसतात. पण नववी मात्र त्यात असतेच.

दुसरा यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड, या नऊही कॅम्पसना हाच लागतो. हा शाळेचा घेत नाहीत, स्वतः नव्याने मोजतात. आणि मोजताना धरतात फक्त नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून ते अकरावी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ग्रेड, ते पण फक्त ए-जी यादीतल्या, म्हणजे यूसीने ठरवलेल्या विषयांच्या, कोर्सचे (पीई, म्हणजे खेळाचा तास, गेला). प्लस-मायनस काही नाही, ए मायनस पण ४ आणि बी प्लस पण ३. एपी वगैरेचे जास्तीचे पॉइंट मिळतात, पण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरचे, आणि त्यात दहावीचे ४ च्या वर नाही. शाळा स्वतः ज्याला ऑनर्स म्हणते ते सगळं चालतंच असं नाही, यूसीने मान्य केलेलं लागतं, आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळांचं ऑनर्स तर धरतच नाहीत, तिथे एपी, आयबी (तसाच एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), कॉलेजचे कोर्स एवढंच.

आता आमच्याच घरातलं सांगते, आकडे हिशोबाला सोपे करून. लेकीचे वर्षाला पाच ए-जी कोर्स, म्हणजे दर वर्षी दहा सेमिस्टर ग्रेड. नववीत चार ए, चार बी आणि बायॉलॉजीचे दोन्ही सेमिस्टरचे दोन सी. बेरीज ३२, म्हणजे सरासरी ३.२. मी तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते. दहावी-अकरावी मिळून वीस ग्रेडमध्ये चौदा ए आणि सहा बी, बेरीज ७४. एपीची दहा सेमिस्टर, दोन दहावीत आणि आठ अकरावीत.

शाळेचा साधा जीपीए: ३२ अधिक ७४, म्हणजे १०६ भागिले ३०, म्हणजे ३.५३. शाळेचा वेटेड: एपीचे दहा पॉइंट घालून ११६ भागिले ३०, म्हणजे ३.८७. यूसीचा साधा: ७४ भागिले २०, ३.७०. आणि यूसीचा वेटेड: दहापैकी आठच पॉइंट धरून ८२ भागिले २०, ४.१०.

एकच मुलगी, तेच ग्रेड, आणि चार आकडे. यातला कुठला सांगायचा ते विचारणारा कोण त्यावर ठरतं. एखादी काकू पार्टीत म्हणते "आमच्याचा ४.१" तेव्हा मी हल्ली विचारते, कुठला? मग जरा शांतता पसरते.

पण हे वाचून "चला, यूसीला नववी माफ" असं म्हणून जो तो मोकळा होतो ना, तिथेच खरी गफलत होते. सरासरीत धरत नाहीत आणि बघत नाहीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूसीला ए-जीचे पंधरा वर्षभराचे कोर्स लागतात, इंग्लिश चार वर्षं, गणित किमान तीन, सायन्स दोन, इतिहास दोन, दुसरी भाषा दोन वगैरे, आणि त्यातला प्रत्येक सी किंवा वरच्या ग्रेडने. त्यातले अकरा कोर्स बारावी सुरू व्हायच्या आधी झालेले पाहिजेत. नववीचं इंग्लिश त्या चार वर्षांतलं एक आहे, ते सुटत नाही. म्हणजे नववीतला सी चालून जातो, पण डी नाही चालत. आणि शाळा मात्र डी ला पास म्हणते, क्रेडिट देते, पुढच्या वर्गात पाठवते, घरी पत्र येत नाही काही नाही! आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा नववीच्या इंग्लिशमध्ये दुसऱ्या सेमिस्टरला डी होता आणि हे अकरावीच्या मार्चमध्ये कळलं, तोपर्यंत शाळेतलं कुणी एक शब्द बोललेलं नाही, मग उन्हाळ्यात भारताची तिकिटं रद्द करून समर स्कूल. गणित आणि भाषेत एक सोय आहे, वरच्या लेव्हलला सी मिळाला तर खालच्या लेव्हलचा डी भरून निघतो, स्पॅनिश टू मध्ये सी आला की स्पॅनिश वनचा डी मिटला. इंग्लिशला ती सोय नाही, सहसा पुन्हा करावं लागतं. आणि उलट बाजूने, सी असेल तर तो सुधारायला तोच कोर्स परत करून काही उपयोग नाही, यूसी पहिलाच धरते.

शिवाय फॉर्म भरताना नववीचे ग्रेड लिहावेच लागतात. यूसी आधी ट्रान्स्क्रिप्ट मागत नाही, मुलं स्वतः टाइप करतात, ट्रान्स्क्रिप्ट अ‍ॅडमिशन मिळाल्यावर जातं आणि तेव्हा ताडून बघतात. नोव्हेंबरमध्ये डायनिंग टेबलवर बसून लेकीने ते बायॉलॉजीचे दोन सी स्वतःच्या हाताने भरले, पहिला भरला, मग माझ्याकडे बघितलं, मग दुसरा भरला. समोरचा वाचणारा ते वाचतोच. पण वाचताना त्याला खाली दहावीच्या केमिस्ट्रीतला बी आणि अकरावीच्या एपी बायॉलॉजीतला ए पण दिसतो. सॅट-एसीटी या प्रवेशपरीक्षा तर यूसी २०२१ पासून बघतच नाही, त्यामुळे ग्रेडवर वजन आणखी जास्त.

आता यूसी सोडून. कॅलिफोर्निया स्टेट म्हणजे सीएसयू पण नववी सरासरीत धरत नाही, तिथे यूसीसारखंच. पण कॉमन अ‍ॅपने, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाने, जिथे अर्ज करता, खाजगी म्हणा, बाहेरच्या राज्यातली म्हणा, तिथे सहसा शाळेचा जीपीए आणि अख्खं ट्रान्स्क्रिप्ट जातं, नववीसकट. आणि टेक्सासला गेलात तर गोष्टच उलटी. तिथे १९९७ चा टॉप टेन पर्सेंटचा कायदा, शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असाल तर सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश, यूटी ऑस्टिनने तो कट कडक करत करत सहा टक्के केला आणि २०२६ च्या फॉल (शरद ऋतूतल्या) प्रवेशापासून पाच. हा रँक शाळेकडून येतो, आणि शाळा तो नववीपासूनच्या ग्रेडवर लावतात. तिथे नववीतला एक बी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर करू शकतो. माझी मैत्रीण इथल्या फ्रीमाँटहून टेक्सासमधल्या प्लेनोला गेली तेव्हा "नववी धरत नाहीत" हे वाक्य इथून सोबत घेऊन गेली, मुलगा तेव्हा नववीतच होता. मी तिला फोन करून हे सांगितलं तोवर पहिलं सेमिस्टर संपलेलं.

आपल्या लोकांचा एक खास घोटाळा वेगळाच आहे. आपण महाराष्ट्रात वाढलो, डोक्यात नववी म्हणजे काही नाही, दहावी म्हणजे बोर्ड, अकरावी म्हणजे आराम, बारावी म्हणजे पुन्हा बोर्ड आणि सीईटी. तेच गणित आपण नकळत इकडे लावतो. मुलगी दहावीत गेली की घरात टीव्ही बंद, अकरावीत गेली की जरा सैल सोडतो. यूसीच्या हिशोबात अकरावी अर्धा जीपीए आहे, बहुतेक एपी त्याच वर्षी येतात, आणि अर्ज बारावीच्या सुरुवातीला जातो तेव्हा शेवटचे पूर्ण ग्रेड अकरावीचेच असतात. बारावीचे ग्रेड यूसीच्या सरासरीत नसतात, पण म्हणून ती पण मोकळी नाही, मिळालेली अ‍ॅडमिशन बारावीत डी आला तर जाऊ शकते.

मागच्या वर्षी सांगलीहून आईचा फोन आला होता, नातीला म्हणाली, "अकरावी ना गं, मग यंदा मज्जा असेल." लेक एपी यूएस हिस्ट्रीच्या नोट्स पसरून बसलेली, हातात पिवळा हायलायटर. ती म्हणाली, "हो आजी," आणि फोन माझ्याकडे दिला.