रंगवलेल्या काळ्या केसांवरील हायलाइट्स

आधी कलप, हेअर कलर किंवा मेंदी लावलेल्या गडद केसांतील निवडक बटा उजळवून त्यांना वेगळी छटा देण्याची प्रक्रिया. कधीच न रंगवलेल्या केसांवर हे काम बरेच सरळ असते. रंगवलेल्या केसात मात्र मेलॅनिन या नैसर्गिक रंगद्रव्याच्या जोडीला कृत्रिम रंगाचे थर असतात, आणि एकाच बटेच्या मुळाशी, मध्यावर आणि टोकाला ते कमीजास्त असतात. त्यामुळे मोबाइलवरचा फोटो काहीही दाखवत असला, तरी गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावले गेले यावरच निकाल ठरतो.

रंगावर रंग का उजळत नाही

केसांचा गडदपणा १ ते १० अशा पट्टीवर मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे केस बहुधा १ ते ३ मध्ये येतात. टिकाऊ रंगातले मूळ रेणू लहान असतात. अमोनियाने केस फुगला, बाहेरचे खवले सैल झाले की ते गाभ्यात शिरतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते आतच अडकून राहतात. वरून फिकट रंग लावून हे रेणू निघत नाहीत. म्हणून काळ्या रंगवलेल्या केसांवर घरी कॅरॅमल ब्राउनचे पाकीट लावले की मुळाशी उगवलेले कोरे केस तांबूस होतात आणि खालचे काळेच राहतात.

जुना रंग तोडायला ब्लीच लागते. ब्लीच पावडरीत परसल्फेट क्षार आणि अल्कधर्मी सिलिकेट असते; डेव्हलपरमधील (पावडरीत कालवायच्या पेरॉक्साइडयुक्त द्रवातील) पेरॉक्साइडशी मिळून ते कृत्रिम रंग आणि मेलॅनिन दोन्ही फोडते. केस उजळताना एका ठरलेल्या वाटेने जातो: पातळी ४ ला लाल, ६ ला नारिंगी, ८ ला पिवळा, १० ला केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. वर्षानुवर्षे काळा रंग चढवलेला केस एका बैठकीत साधारण ६ किंवा ७ पर्यंत येतो, म्हणजे नारिंगीच्या आसपास. पहिल्या खेपेला तांबा, कॅरॅमल, चेस्टनट अशा या वाटेवरच्याच छटा निवडणे सर्वांत शहाणपणाचे. राखाडी किंवा बेज छटा त्याच दिवशी देण्याचे आश्वासन मिळाले, तर ते स्वीकारू नये.

पूर्वतपासणी

या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत घाईत उरकला जाणारा भाग आहे. केस महिन्याला १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे तीन वर्षांचे असते. दर टचअपला (मुळाशी उगवलेले केस पुन्हा रंगवताना) रंग टोकापर्यंत ओढला असेल तर टोकाशी रंगाचे अनेक थर साचलेले असतात. ‘रंग लावता का’ एवढेच विचारून भागत नाही, कारण मेंदी आणि कलप अनेक जणी त्यात धरतच नाहीत. मेंदी, काळी मेंदी, नीळ, पावडरचा कलप, रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केरॅटिन ही नावे एकेक घेऊन विचारावे लागते.

शुद्ध मेंदीतले लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केरॅटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते. ब्लीचने ते पूर्ण निघत नाही. केस गडद नारिंगीवर अडतो. नीळ लावलेले केस उजळताना हिरवट होऊ शकतात. खरा धोका धातूंचे क्षार असलेल्या कलपांचा आणि मिश्र मेंदीचा. पेरॉक्साइड लागताच केस तापून तुटू शकतो. याची जुनी, भरवशाची चाचणी अशी: काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमचे (६ टक्के) ३० मिलि पेरॉक्साइड घ्यायचे, त्यात २८ टक्के अमोनियाचे २० थेंब घालायचे आणि कापलेली छोटी बट ३० मिनिटे बुडवून ठेवायची. बट किंचित उजळली तर ठीक. द्रावण उकळल्यासारखे झाले, बट लगेच उजळली, ओढताच तुटली किंवा तिच्यात काहीच फरक पडला नाही, तर धातूची शंका घ्यावी आणि तेवढे केस कापले जाईपर्यंत ब्लीच टाळावे.

ओला केस हलकेच ताणून पाहावा. ताणून परत मूळ लांबीवर आला तर तो सशक्त आहे. रबरासारखा लांबत जाऊन तसाच राहिला तर काम पुढे ढकलावे. रिबॉन्डिंगमध्ये केसाचे आतले बंध आधीच तोडून पुन्हा जोडलेले असतात, म्हणून त्या भागावर ब्लीच देणे बहुतेक वेळा नाकारणेच योग्य. टोनर (उजळलेल्या केसाला हवी ती छटा देणारा सौम्य रंग) आणि रंगासाठी ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट हवीच. काळ्या मेंदीने किंवा कलपाने कधी खाज, पुरळ आले असेल तर हे अधिकच लागू होते, कारण त्यांत अनेकदा पॅराफेनिलिनडायमिन हे रंगाचे रसायन असते आणि त्याची ॲलर्जी पुढच्या वेळी जास्त जोराने उठते.

पुण्यात पाण्याचाही प्रश्न असतो. खडकवासल्याचे पाणी ज्यांच्या नळाला येते त्यांना फारसा त्रास नसतो. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र पाणी बहुधा जड असते. केसावर साचलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह ब्लीचला असमान चालवतात. अशा केसांना आधी क्षार काढणारा, ईडीटीएयुक्त शाम्पू लावून मग बट-चाचणी (आधी एकाच बटेवर ब्लीच करून पाहणे) घ्यावी.

प्रत्यक्ष काम

काळ्या रंगाचे थर फार असतील तर आधी कलर रिमूव्हर वापरता येतो. तो कृत्रिम रंगाचे मोठे रेणू पुन्हा लहान करतो आणि ते धुऊन निघतात. मेलॅनिनला तो हात लावत नाही. पाकिटावर सांगितला तेवढा वेळ पाण्याने धुतले नाही, तर उरलेले रेणू हवेत पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत केस काळे पडतात. मेंदीवर त्याचा उपयोग नाही.

टेलकोंबने (टोकदार दांडीच्या कंगव्याने) २ ते ३ मिलिमीटरच्या बारीक बटा विणून फॉइलवर घ्याव्यात. आपले केस जाड आणि दाट. बट जाड घेतली की आतला भाग कोरा राहतो. पावडर आणि डेव्हलपरचे प्रमाण साधारण १ ला २, पण पाकिटावरचे प्रमाण अंतिम. एका वेळी ३० ग्रॅम पावडर आणि ६० मिलि डेव्हलपर एवढेच कालवावे. मिश्रणाचा जोर हळूहळू ओसरतो. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा पुरेसा असतो. ४० व्हॉल्यूमने वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण केस खडबडीत होतो आणि छटाही असमान येते.

मुळाजवळचा १ ते १.५ सेंटिमीटर भाग टाळूच्या उष्णतेने भरभर उजळतो, शिवाय तिथला केस कोरा असतो. म्हणून आधी रंगवलेल्या लांबीवर ब्लीच लावावे आणि मुळांना १५ ते २० मिनिटांनी. दर १० मिनिटांनी फॉइल उघडून पाहावे. ब्लीच ओले असेपर्यंतच काम करते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंख्याखाली बसवले तर ते सुकते आणि केस अर्ध्या वाटेत थांबतो. सुकलेले पुसून ताजे लावावे. एकूण वेळ पाकिटावर दिलेल्या मर्यादेपलीकडे नेऊ नये.

कोमट पाण्याने धुऊन केस टॉवेलने टिपल्यावर टोनर येतो. निळा नारिंगीला मारतो, जांभळा पिवळ्याला, हिरवा लालला. टोनर उजळलेल्या पातळीचाच हवा. पातळी ६ च्या नारिंगीवर ९ चा राखाडी टोनर लावला तर काहीच दिसत नाही, आणि दोष टोनरला दिला जातो. टोनर ३ टक्के किंवा त्याहून सौम्य डेव्हलपरने, ५ ते २० मिनिटे, नजर ठेवून लावतात.

बिघाड

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे पट्टे: मुळाशी पिवळे, मध्ये नारिंगी, टोकाला तपकिरी. कारण बहुतेक वेळा एकच: सगळ्या लांबीवर एकदम ब्लीच. दुरुस्ती करताना फक्त गडद राहिलेल्या पट्ट्यावर पुन्हा ब्लीच देतात. पूर्ण बटेवर दिले तर मुळाचा भाग तुटतो. मुळाशी पिवळे ठिपके पडणे हे पातळ कालवलेल्या मिश्रणाचे किंवा फॉइल घसरल्याचे लक्षण. ते मूळच्या रंगाच्या टोनरने झाकता येतात. दोन ब्लीचमध्ये किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत.

नंतरची देखभाल

टोनर चार ते सहा आठवड्यांत फिकट होतो आणि खालचा नारिंगी वर येतो. निळा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरतो. पिवळसर बटांना जांभळा. उन्हाने छटा लवकर उडते, त्यामुळे दुचाकीवर बांधायचा स्कार्फ केसही झाकेल असा बांधावा, आणि तो सुती नसून सॅटिनचा असला तर हेल्मेटखाली घासून टोके कमी तुटतात. पोहण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत. पाण्यातले तांबे उजळलेल्या केसाला हिरवट झाक देते, आणि आधीच भिजलेला केस ते कमी शोषतो. धुण्याआधी खोबरेल तेल जरूर लावावे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते.

पांढरे केस झाकण्यासाठी दर तीन आठवड्यांनी काळा कलप लावणाऱ्यांना बारीक हायलाइट्सचा वेगळाच फायदा होतो. उजळ बटांमध्ये उगवते पांढरे केस मिसळून जातात, भांगातली पांढरी रेघ ठळक दिसत नाही आणि टचअप दोन ते तीन महिन्यांवर नेता येतो. यासाठी बटा भांग आणि कानशिलांभोवती दाट, मागे विरळ ठेवतात.