मेल संग्रह व्यवस्थापन (कार्यालयीन)

कचेरीत वर्षानुवर्षे साचलेले ईमेल हरवू नयेत आणि हवे तेव्हा सापडावेत, उघडावेत, यासाठी ते राखण्याची पद्धत. कोकणात तिची निकड सर्वांत जास्त भासते ती न्हावा-शेवा बंदराच्या कामात. कस्टम ब्रोकरकडे (आयात-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्याकडे) एकेका कंटेनरमागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजाने माल पाठवल्याची पावती) यांच्या पीडीएफ जोडलेले मेल येत राहतात, आणि कस्टम ब्रोकर परवान्याच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्याला आपल्या नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात.

मेलबॉक्स मजकुराने क्वचितच भरतो. तो भरतो जोडलेल्या फायलींनी. पाठवताना होणाऱ्या बेस-६४ रूपांतराने (फाइल साध्या अक्षरांत बदलण्याने) प्रत्येक फाइल सुमारे एक तृतीयांश फुगते, आणि फॉरवर्ड केली की तीच पुन्हा साठते. त्यामुळे मेल तारखेऐवजी आकाराने लावून वरचे आधी तपासावेत.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये जुने मेल पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे संगणकावरील मेल साठवणाऱ्या फाइलमध्ये, हलवतात. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिची मर्यादा २ जीबी होती. २००३ च्या आवृत्तीत ती २० जीबी झाली आणि २०१० च्या आवृत्तीपासून ५० जीबी. तरीही वर्षवार वेगळी फाइल ठेवणेच बरे, कारण आउटलुक चालू असताना वीज गेली तर उघडी फाइल बिघडू शकते. पावसाळ्यात वीज जाणे इथे नेहमीचे, म्हणून यूपीएस हवाच. बिघडलेली फाइल स्कॅनपीएसटी या आउटलुकच्या दुरुस्ती साधनाने दुरुस्त करता येते. सगळे मेल परत मिळतीलच असे मात्र नाही. मेल पुसले तरी फाइल लगेच लहान होत नाही, ती कॉम्पॅक्ट करावी (रिकामी झालेली जागा काढून टाकावी) लागते.

पीएसटीचा मोठा धोका आकारापेक्षा तिच्या जागेत आहे: ती बहुधा एकाच संगणकावर असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तळमजले पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी एकुलती एक प्रत खालच्या टेबलावर ठेवणे म्हणजे पाच वर्षांचा व्यवहार पाण्यावर सोडणे. ती नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधून थेट उघडून वापरणेही मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. सर्व्हरवरचा आर्काइव्ह मेलबॉक्स (जुन्या मेलसाठीचा वेगळा मेलबॉक्स) अधिक सुरक्षित. मात्र जुन्या फायली तिथे चढवायला वेळ लागतो, म्हणून ते काम रात्री लावावे.

आउटलुकच्याच ओएसटी फाइलला संग्रह समजू नये. ती सर्व्हरवरील मेलबॉक्सची स्थानिक प्रत असते. तिथे पुसलेला मेल पुढच्या जुळणीत इथूनही जातो. मूळ मेल पुसण्याआधी संग्रहाची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून चार-दोन जुनी बिले शोधून पाहावीत.