थ्री फेज इंडक्शन मोटर

विहिरीवरचा पंप, गावातली मोठी गिरणी, कारखान्यातला लेथ, जिथे दणकून काम लागतं तिथे बहुतेक थ्री फेज इंडक्शन मोटरच असते. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर, आणि नेहमीच्या केज मोटरमध्ये (पिंजऱ्यासारखा रोटर असलेल्या) त्याला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते, फिरत्या भागाला करंट पोचवणारा ब्रश नाही, कम्यूटेटर नाही. करंट द्यायचा तो फक्त बाहेरच्या न हलणाऱ्या स्टेटरला, तरी आतला रोटर गरागरा फिरतो.

स्टेटरमध्ये तीन फेजच्या कॉइल एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या असतात (दोन पोलच्या, म्हणजे क्षेत्राला दोनच चुंबकीय टोकं असलेल्या मोटरचं बोलतोय). तीन फेजचे करंटही वेळेच्या हिशोबात तेवढेच मागेपुढे असतात, आपल्या ५० हर्ट्झला म्हणजे साधारण ६.७ मिलिसेकंदांचा फरक. आधी लाल फेज जोरात, तो उतरणीला लागला की पिवळा, मग निळा. या तिघांचं मिळून जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते जागच्या जागी गोल फिरतं, आणि गंमत म्हणजे त्याचा जोर कमीजास्त होत नाही, एका फेजच्या जास्तीत जास्त जोराच्या कायम दीडपट राहतो. सिंगल फेजमध्ये क्षेत्र नुसतं मागेपुढे होतं, फिरत नाही, म्हणून पंख्याला कंडेन्सर लागतो.

रोटरमध्ये वायंडिंगऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या असतात, दोन्ही टोकांना रिंगने जोडलेल्या. फिरतं क्षेत्र या दांड्यांवरून गेलं की त्यांच्यात आपोआप करंट तयार होतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे पळायला लागतो. पण त्याला कधीच गाठू शकत नाही, कारण गाठलं तर दांड्यांवरून क्षेत्र सरकणारच नाही, करंट बंद आणि जोरही बंद. म्हणून चार पोलच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे फिरतं पण नेमप्लेटवर १४४० वगैरे लिहिलेलं असतं. मधल्या ६० फेऱ्यांना स्लिप म्हणतात, इथे ४ टक्के. लोड वाढला की स्लिप वाढतो, करंट वाढतो, मोटर जास्त जोर लावते, सगळं आपोआप, यात वेगळं कुठलंही कंट्रोल सर्किट नाही.

सुरू करताना मात्र रोटर उभा असतो म्हणजे स्लिप १०० टक्के, त्यामुळे थेट चालू केली तर मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते. मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर त्यासाठीच. डेल्टा म्हणजे तिन्ही वायंडिंग त्रिकोणात जोडलेली, स्टार म्हणजे तिघांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं. स्टारमध्ये प्रत्येक वायंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात, लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, पण जोरही एक तृतीयांशच. पंपाला ते चालून जातं, भरलेल्या क्रशरला नाही.

उलटी फिरवायची तर कुठल्याही दोन फेज अदलाबदल करायच्या, बस्स. सबमर्सिबल उलटी फिरत असली तरी पाणी कमी येतं, म्हणून ती बसवल्यावर बोअरला नावं ठेवण्याआधी हे एकदा करून बघावं.

फिरत्या क्षेत्राची कल्पना इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांना वेगवेगळी सुचली, दोघांचं काम १८८८ मध्ये जगापुढे आलं. नाव टेस्लाचं झालं, पण आज आपण वापरतो ती तीन फेजची आणि केज रोटरची मोटर १८८९ मध्ये जर्मनीतल्या एईजी कंपनीत मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने बनवली आणि त्याचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. पुढे ड्राइव्हने, म्हणजे मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने, फ्रिक्वेन्सी बदलता यायला लागली आणि तिच्यावर ठरणारा स्पीड कमीजास्त करायचा प्रश्नही सुटला, मुंबईच्या नव्या लोकल याच मोटरवर धावतात.

आपल्याकडे या मोटरचा खरा शत्रू म्हणजे एक फेज जाणं. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) फ्यूज उडतो, चालू मोटर तशीच फिरत राहते पण उरलेल्या दोन लाइनवर सगळा भार येतो, करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. बंद असलेली मोटर सुरूच होत नाही, जागेवर नुसता हुं हुं आवाज करते आणि तापते. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर यासाठीच असतो, पण पाण्याची पाळी जाऊ नये म्हणून लोक तो बायपास करून दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढतात. मग रिवायंडिंगवाल्याला मोटर उघडल्या उघडल्या कळतं: स्टारची असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसरी कोरी, डेल्टाची असेल तर एकच फेज जळालेला.