पल्स लांबली असे दिसल्यास प्रथम वाटेतील काचा मोजाव्यात
(पोकळ फायबरचा पल्स-संपीडक वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचा संपीडक, म्हणजे लेझरची पल्स (प्रकाशाचा क्षणिक ठोका) आणखी आखूड करणारे उपकरण, वापरणाऱ्या प्रयोगशाळांकडून वारंवार येणारी तक्रार अशी असते की, बसवून देताना ६ फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) दाखवलेली पल्स आता ४० फेम्टोसेकंदांची येते आहे. आम्ही जाऊन पाहतो तेव्हा फायबर, वायू आणि आरसे बहुधा व्यवस्थित असतात. बीमच्या वाटेत मात्र एखादी नवी काच आलेली असते.

मिलान येथे १९९६ साली निसोली, डी सिल्वेस्त्री आणि स्वेल्तो यांनी दाखवलेल्या पद्धतीवरच हा संपीडक चालतो. ३० फेम्टोसेकंदांची तीव्र पल्स निऑन वायू भरलेल्या पोकळ फायबरमधून (बारीक काचनळीतून) जाताना तिचा वर्णपट रुंदावतो आणि पुढचे चर्प्ड आरसे (वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळा उशीर लावणारे आरसे) मागे रेंगाळलेल्या रंगांना पुढच्यांच्या ओळीत आणून बसवतात. काचेत तांबडा प्रकाश पुढे जातो व निळा मागे राहतो, त्यामुळे आरशांनंतर आलेली प्रत्येक काच ही ओळ पुन्हा मोडते. १ मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकामधून (शुद्ध सिलिकाच्या काचेतून) गेलेली ६ फेम्टोसेकंदांची पल्स सुमारे १८ फेम्टोसेकंदांची होते. तीच काच मूळच्या ३० फेम्टोसेकंदांच्या पल्सला जाणवतही नाही, आणि म्हणूनच लेझरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या जाणत्या माणसाकडूनही ही चूक होते.

गेल्या पावसाळ्यात एका प्रयोगशाळेत मापनयंत्रापुढे २ मिलिमीटर काचेचा फिल्टर बसवला गेला होता. दोष फायबरचा समजून तेथील मंडळींनी आठवडाभर वायूचा दाब कमीजास्त केला आणि शेवटी बीम पूर्ण ऊर्जेवर असतानाच फायबरची बैठक हलवली. बीम काचेच्या कडेवर गेला आणि फायबरचे तोंड जळाले. नवे फायबर बसवून पूर्ववत काम सुरू होण्यास तीन आठवडे लागले. फिल्टर काढायला दोन बोटे पुरली.

मापनासाठी ऊर्जा कमी करायची असेल तर फिल्टर वापरू नये. लेप नसलेल्या काचेच्या पाचरीच्या पहिल्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तो काचेतून जातच नाही, आणि मापनाला पुरतो. अशी पाचर आम्ही प्रत्येक संपीडकासोबत देतो. हरवली असल्यास मागवून घ्यावी.

मागणी नोंदवताना आम्ही खिडक्या, भिंगे आणि हवेतील अंतर यांचा तक्ता भरून मागतो, त्यात वेळ जातो अशी काहींची नाराजी असते. परंतु एक मीटर हवादेखील अर्ध्या मिलिमीटर सिलिकाइतका परिणाम करते, आणि आरशांवरून बीम किती वेळा परावर्तित करायचा हे आम्ही त्या तक्त्यावरूनच ठरवतो. तक्त्याशिवाय आरसे पाठवण्याची घाई आम्ही करत नाही. निर्वात कक्षाची खिडकी पुढे बदलणार असाल तर नवी जाडी आधी कळवावी. आरशांची जादा जोडी त्या हिशेबाने निवडून देता येते.

तक्रार कळवताना संपीडकापासून प्रयोगापर्यंतच्या वाटेची छायाचित्रे आणि प्रत्येक काचेची जाडी सोबत पाठवावी. आमचे उत्तर येईपर्यंत फायबरच्या बैठकीच्या स्क्रूंना हात लावू नये.