जुन्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन: आरटीओत काय चालतं आणि अर्ज कुठं अडतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत बसवता येत नाही असं इंजिन शोधून सापडायचं नाही. गिअरबॉक्सला जुळणारी अडॅप्टर प्लेट कापतील, माउंटिंग वेल्ड करतील, वायरिंग फिरवतील आणि गाडी चालू करून हातात देतील. ताराबाई पार्कातल्या आरटीओत मात्र हीच गाडी आठ-आठ महिने अडकून पडते, कारण लोक इंजिन आधी बसवतात आणि अर्जाची चौकशी नंतर करतात.

दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवायचा विचार असेल तर तो सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच ठरवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही वाढला: बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यावर ठरलेला प्रश्न येतो, "टाटा व्हिस्टाचं क्वाड्राजेट इंजिन आणि मारुती स्विफ्टचं डीडीआयएस एकच की हो?" बरोबर आहे. दोन्हीकडं फियाटचंच १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन आहे. पण आरसीवर उत्पादक म्हणून एकीकडं टाटा आणि दुसरीकडं मारुती आहे, आणि इन्स्पेक्टर कागद बघतो, पिस्टन नाही. अँबॅसिडरचंही तेच. इसुझूचं इंजिन कंपनीनंच बसवून विकलेली गाडी वेगळी आणि १४८९ सीसीच्या जुन्या गाडीत आपण ते बसवणं वेगळं. कंपनी एक असली म्हणून भागतं असंही नाही. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाच्या जागी झेनचं ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं आलं, की सीसीचा रकाना चुकलाच.

मग मंजूर काय होतं? त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन. सीएनजी किंवा एलपीजी किटला कायद्यात वेगळी सवलत आहे, पण ते किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवं आणि अधिकृत फिटरकडून बसवलेलं हवं. त्या सवलतीचा आधार घेऊन कुणी इंजिनच बदलायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आता चौदा दिवसांचा घोळ. बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवा, असं कायद्यात आहे. लोक त्याचा अर्थ 'आधी बदला, मग सांगा' असा काढतात, आणि काही एजंटही तसंच सांगतात. कळवण्याची मुदत म्हणजे परवानगी नव्हे. आधी मंजुरी घ्या, मग इंजिन उतरवा.

सगळ्यात जास्त अर्ज मरतात ते बिलावर. भंगारातून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून इंजिन रोखीनं घेतलेलं असतं आणि हातात असतो वहीचा फाडलेला कागद, त्यावर 'इंजिन १ नग'. त्याची किंमत शून्य. जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि त्यावर इंजिन नंबर पूर्ण हवा. इंजिन ज्या गाडीतून निघालं, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही विक्रेत्याकडून तेव्हाच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. ती गाडी चोरीची निघाली तर प्रकरण आरटीओतून थेट पोलिसांत जातं. पैसे देण्याआधी ब्लॉकवरच्या नंबरवरचा मळ पुसून, कागद ठेवून, पेन्सिल फिरवून ठसा घ्या. एखादा आकडा उठत नसेल किंवा पुन्हा पंच केल्यासारखा वाटत असेल तर इंजिन कितीही स्वस्त असो, तिथंच ठेवा.

बाकी सरळ आहे. परिवहनच्या वाहन पोर्टलवर वाहनातील बदलासाठी अर्ज, फी, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, इंजिन-चेसिसचे ठसे, मग गाडी तपासणीला. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमती लागते. कर्ज कधीच फिटलंय, पण बोजा उतरवलेला नाही, अशा गाड्या ढिगानं येतात. तो आधी उतरवा. पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर आधी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर पुढचं काम अडवतात. पोर्टलवर जुन्या मालकाचा मोबाइल असला तर ओटीपी त्याच्याकडं जातो. हे एका फलकावर लिहून लावायला काय जातंय, देव जाणे.

अर्थात जुनं इंजिन तेल खातंय, धूर सोडतंय, एवढंच दुखणं असेल तर यातलं काहीच करायला नको. आहे तोच ब्लॉक बोअर करून घ्या, स्लीव्ह-पिस्टन बदला, क्रँक ग्राइंड करा, हेड फेस करा. या कामात उद्यमनगरचा हात धरणारं कुणी नाही. ब्लॉक तोच, म्हणजे नंबर तोच, म्हणजे अर्जही नाही.

ब्लॉक फुटलाच असेल आणि मंजुरीनं इंजिन बदललं असेल, तर नवी आरसी हातात आल्यावर विमा कंपनीकडं जाऊन पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. अपघात झाल्यावर सर्व्हेअर बोनट उघडून आधी तोच नंबर बघतो.