एसीतला गॅस दरवर्षी संपतो का?

‘स्प्लिट एसीतला गॅस वापरून संपतो, दर उन्हाळ्याआधी भरून घ्या’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही.

हा गॅस (नव्या एसींत बहुधा आर-32) पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि तो खोलीतली उष्णता शोषतो. बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होऊन ती सोडतो. म्हणून गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता भरलेला गॅसही निघूनच जाणार, पैसे वाया.

समज पसरणं स्वाभाविक आहे: गॅस भरताना सर्व्हिसिंगही होतं, आणि गारवा अनेकदा त्यानेच वाढतो.

गारवा कमी वाटला तर आधी फिल्टर धुवा. तरीही कॉइलवर बर्फ धरत असेल किंवा नळीच्या जोडापाशी तेलकट डाग दिसले, तर मेकॅनिकला साबणाचा फेस लावून गळती दाखवायला सांगा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून (म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने काढून) गॅस वजन काट्यावरच भरून घ्या. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं.